राजांना आंघोळ घालणारा वाडगा

मी एक जुना पांढरा वाडगा आहे. इनॅमलचा, निळ्या कडेचा आणि मत्सरी. मित्रांनो, आत्मकथा सांगणारे आधी आपले गुण सांगतात. मी दोष आधी सांगून मोकळा होतो, कारण माझी सारी कहाणी त्या दोषाभोवतीच फिरते.

लोखंडी पत्र्याला आकार देऊन मला भट्टीत भाजले, एवढेच मला जन्माचे आठवते. बैरूतच्या एका इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या घरात मी आलो तो वदादच्या लग्नात, तिच्या आईने दिलेला. दर रविवारी वदाद माझ्यात तब्बुले नावाची कोशिंबीर करायची. हिरवा पाला बारीक चिरायचा, भिजवलेला दलिया घालायचा, वरून भरपूर लिंबू. पाहुणे म्हणत, "वाहवा, काय हात आहे वदादचा!" वाडग्याचे नाव कोणी घेत नसे. तरी त्या कौतुकातला माझा वाटा मी गुपचूप काढून घेत असे.

वदादचा नवरा शफीक घड्याळजी होता. केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने उचलून जागेवर बसवणारा माणूस! पण शहरात लढाई पेटली, बाजार जळाला आणि त्यात त्याचे दुकानही गेले. उरला तो खिशातला चिमटा. त्यानंतर त्याचे हात थरथरू लागले. कॉफीचा कप बशीवर नुसता खडखडायचा. लांब कुठे स्फोट झाला तरी तो उठून दाराशी जाऊन उभा राहायचा. त्यांची एकुलती एक लेक लमीस मॉन्ट्रियलला शिकत होती. तिची सहा पत्रे आली, मग विमानतळ बंद झाला, टपाल थांबले. लेक तिकडे सुखरूप आहे का, आणि हा माणूस पुन्हा पहिल्यासारखा होईल का, या दोन काळज्या वदादला कुरतडत होत्या.

एके दिवशी शफीकने माळ्यावरून जुन्या पाकिटांचा खोका काढला आणि म्हणाला, "एक पसरट भांडं दे गं." बाजारात पाला मिळत नव्हता, मी रिकामाच होतो. वदादने मला पुढे सरकवले. तब्बुलेच्या भांड्यात राजांची चित्रे असलेली टपालाची तिकिटे भिजणार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शफीक पाकिटाचा तिकीट असलेला कोपरा कापायचा, कोमट पाण्यात सोडायचा आणि हात मांडीवर ठेवून बसायचा. तिकीट ओढायचे नाही, हा त्याचा नियम. ओढले की फाटते. डिंक विरघळेल आणि कागद आपणहून सोडेल, तोवर थांबायचे. त्या वीस मिनिटांत त्याचे हात अगदी स्थिर असत. बाहेर काहीही होवो, तो पाण्याकडे पाहत राही.

पाणी तरी कुठे फुकट होते? गल्लीतल्या विहिरीवर रांग लावायची आणि डबे चार मजले चढवायचे. वदाद एकदा कडाडली, "प्यायला घोटभर नाही आणि इथे राजेमहाराजांच्या आंघोळी चालल्यात! अजून कोण कोण न्हायचं राहिलंय?"

"इजिप्तचा राजा झालाय, इराकचा रांगेत आहे," शफीक म्हणाला. "काळजी करू नकोस, हेच पाणी नंतर कुंडीला घालतो."

किती दिवसांनी त्याने विनोद केला होता! वदाद आत जाऊन रुमालाने डोळे टिपून आली. मी मात्र जळत होतो. भिजायचे मी, थंड पडायचे मी, चिकट व्हायचे मी. आणि वाळलेली तिकिटे जायची कुठे? हिरव्या पुठ्ठ्याच्या एका वहीत! शफीक तिला उशाशी घेऊन झोपायचा. शेजारीण आली की वहीच दाखवली जायची. माझ्याकडे बघायचे ते फक्त मला पालथा घालण्यासाठी.

एकटा मीच जळत होतो असेही नाही. वदादच्याही नाकाला मिरच्या झोंबत होत्या. "ही सवत कुठून आणलीस रे घरात?" ती विचारायची. एकदा त्याने वहीत कॅनडाचे पान आखले. लमीसच्या सहा तिकिटांसाठी सहा चौकटी, आणि शेजारी पेन्सिलीने सातवी.

"ही रिकामी कशाला?"

"पत्र येणारच. जागा करून ठेवतो."

"माझ्यासाठी कधी चौकट आखली होतीस का?" ती पुटपुटली आणि भांडी आपटत आत गेली. त्या रिकाम्या चौकटीचासुद्धा मला मत्सर वाटला, मित्रांनो! जिच्यात काहीच नाही, तिच्यावर तो माणूस रोज हात फिरवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने लमीसची सहा तिकिटे माझ्यात सोडली आणि डबे घेऊन विहिरीवर गेला. वदाद घुटमळली. मग पेटीतून तिने भावाकडून आलेले नाताळच्या शुभेच्छांचे लालभडक पाकीट काढले. नवऱ्याच्या खेळात आपणही उतरावे, त्याने आपल्या तिकिटाचेही कौतुक करावे, एवढीच तिची हौस. तिने कोपरा कापला आणि हळूच पाण्यात सोडला.

लाल कागद रंग सोडतो, हे तिला कुठून ठाऊक असणार? पाणी गुलाबी झाले, मग लाल. सहाही तिकिटे माखली. आणि मी? मला आनंद झाला. आता भरा म्हणावे वही! ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

शफीक आला, वाकला आणि पाहतच राहिला. त्याचे हात थरथरू लागले, पूर्वीपेक्षा जास्त. माझ्या काठाला धरले तर पाणी हिंदकळले. त्या थरथरीने माझा आनंद कुठल्या कुठे पळाला. हे हात मीच वीस वीस मिनिटे शांत केले होते, आणि त्यांच्यावरच मी उलटलो होतो.

"मीच मेलीने घातलं," वदाद रडू लागली. "मला वाटलं, माझंही एक तिकीट असावं तुझ्या वहीत."

 शफीकने चिमटा उचलला. एकेक गुलाबी तिकीट काढून वर्तमानपत्रावर पालथे घातले. वाळल्यावर सहाही वहीत लावली, शेजारी वदादच्या तिकिटासाठी नवी चौकट आखून तेही लावले आणि खाली लिहिले, 'वदादने रंगवलेली.'

"अख्ख्या जगात अशी कोणाकडे नाहीत," तो म्हणाला. तिने त्याच्या हाताकडे पाहिले. अक्षर सरळ आले होते.

पुढे साडेतीन महिन्यांनी सायप्रसहून बोटीने आलेल्या एका ओळखीच्या माणसाने पाकीट आणले. अक्षर लमीसचे होते. ती सुखरूप होती. मला वाटले, आता मला हाक येणार. सातव्या तिकिटाला मीच न्हाऊ घालणार. वदादने मला घासूनपुसून टेबलावर ठेवलेही.

पण शफीक म्हणाला, "याला नाही भिजवायचं. तिने जसं चिकटवलंय तसंच राहू दे." त्याने अख्खे पाकीट वहीत ठेवले. पुन्हा वहीच! मी मनातल्या मनात वहीला शिव्या घालतोय, तोच वदाद पाल्याची मोठी जुडी घेऊन आली आणि माझ्यात धुऊ लागली.

त्या दुपारी अख्खी इमारत जेवायला होती. "अगं, वाडग्याच्या तळाला हे गुलाबी काय?" शेजारणीने विचारले.

"ते आमच्या घरातलं आहे, असू दे," वदाद म्हणाली.

त्या वेळी वही कपाटात बंद होती.

आता वही मॉन्ट्रियलला लमीसच्या घरी काचेच्या कपाटात आहे. माझा टवका उडाला, बुडाला भोक पडले, आणि मी गच्चीवर पुदिना वाढवतो. मत्सर अजून गेलेला नाही. मित्रांनो, वाईट दिवसांत तुमच्या घरातले कोणी असेच काहीतरी निरुपयोगी वाटणारे काम मन लावून करू लागले, तर त्याला हसू नका. पाणी कमी असले तरी थोडे द्या. आणि वही बघून झाली की एकदा भांड्याकडेही बघा. माझ्या तळाचा गुलाबी डाग अजून आहे. पुदिन्याची माती बाजूला केली की दिसतो.