सुटलेली करंगळी

मी रुमाल आहे. नाक पुसायचा नव्हे, सौद्याचा. हात-दीड हात लांबरुंद, जाडाभरडा, एके काळचा पांढराशुभ्र. आता रंग विचाराल तर चहा, तेल आणि बाळाची लाळ मिळून जो काही होतो, तो माझा. एक कोपरा चावून चावून अगदी चिंधी झालाय. तो कोणी चावला ते ओघात येईलच.

माझा जन्म समुद्रापलीकडचा, मायदेशातला. विणकराने मला मुद्दाम दाट विणलं, कारण माझ्याखालची बोटं वरून दिसून चालत नाही. ज्या घरात मी आहे, तिथल्या आजोबांच्या वडिलांनी मला ट्रंकेत घालून इकडे आणलं. सोबत कपड्यांचे दोन जोड आणि मिरीचं एक पोतं. बाजारातल्या अरुंद गल्लीत त्यांनी गाळा घेतला. मग भाऊ आले, भावांचे मेहुणे आले, मेहुण्यांचे दोस्त आले आणि बघता बघता गल्लीच आपल्या माणसांची झाली. समोरासमोरच्या गाळ्यांतून मसाल्याचा वास आणि एकमेकांच्या चौकशा दिवसभर ये-जा करायच्या.

माझं काम सोपं होतं. मायदेशाहून मिरीचा व्यापारी यायचा. त्याला सगळे पाहुणे म्हणत. पाहुणे आणि आमचे आजोबा गादीवर समोरासमोर बसायचे, हात हातात घ्यायचे आणि वर मी. आजोबा पाहुण्यांची जितकी बोटं मुठीत धरतील तो भाव. वर तोंडाने मात्र गावाकडच्या गप्पा चालू. कोणाची मुलगी दिली, कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, कोण कोणाशी बोलेनासं झालं. खाली भाव ठरायचा आणि वर गाव नांदायचं.

भाव तोंडाने का सांगत नसत? पाहुणे गल्लीत सगळ्यांनाच माल द्यायचे. एकाचा भाव दुसऱ्याला कळला की भाऊबंदकी सुरू. म्हणून नियम असा की रुमालाखालचं रुमालाखालीच राहायचं. पटलं तर मूठ दाबायची, नाही पटलं तर हात काढून घ्यायचा. हात काढला की विषय संपला. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही, आकडा तोंडावर आणायचा नाही. या एका नियमावर गल्लीने आणि पाहुण्यांच्या घराने तीन पिढ्या सांभाळल्या.

पुढे घरोघरी मोबाईल आले. आजोबांचा मुलगा दुकान बघू लागला. तो कष्टाळू, पण घाईचा. बाकीचे व्यापारी त्याला फोनवर भाव सांगायचे, तो फोनवरच हो म्हणायचा. मला काम उरलं ते वर्षातून एकदा, पाहुण्यांपुरतं. गल्लीच्या मंडळाने तर मला मागणीच घातली. सभागृहात काचेचं कपाट करायचं होतं, जुन्या तराजूशेजारी माझी जागा ठरली होती. मुलगा म्हणाला, देऊन टाकू, निदान कसर तरी लागणार नाही. आजोबा म्हणाले बघू. आजोबांचं बघू म्हणजे नाही.

तोवर मला घरातच दुसरी नोकरी लागली. सूनबाईंना मुलगी झाली.

सूनबाई लग्न होऊन मायदेशाहून आलेल्या. त्यांना कशाची काळजी नाही ते विचारा. बाळ झोपलं की श्वास चालू आहे ना, उठलं की पोट भरलं ना, शिंकलं की सर्दी, नाही शिंकलं तर नाक चोंदलं. घर दुकानाच्या मागेच, दोन खोल्यांचं. बाळाची झोप अशी सावध की कोणी खाकरलं तरी भोकाड. दुपारी बाळ सूनबाईंच्या मांडीवर आणि अंगावर मी. दातांची शिवशिव सुरू झाली तेव्हा माझा कोपरा त्याच्या तोंडात गेला तो गेलाच.

दुकानातून आजोबा आत यायचे तेव्हा बोलायची चोरी. एकदा त्यांनी माझ्याखाली हात घातला आणि सूनबाईंची दोन बोटं धरली. दोन माणसं आलीत, चहा टाक. सूनबाईंना आधी सासऱ्यांच्या हातात हात द्यायचा संकोच वाटला. पण बाळ उठण्यापेक्षा ते बरं. मग रोजचंच झालं. चहा किती, जेवायला कोण, औषधाच्या गोळ्या किती उरल्या, सगळं बोटांवर. आजोबा हसून म्हणायचे, गल्लीतला सगळ्यात मोठा सौदा आमच्या सुनेशी होतो, आणि तो नेहमी मीच हरतो.

एका दुपारी त्यांनी पाच बोटं धरली. सूनबाईंनी चार कप चहा केला. आजोबांनी बाकीच्यांना दिला आणि म्हणाले, मला नको, पित्त झालंय. सूनबाईंच्या मनाला लागून राहिलं. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. आजोबांचा हात कापत होता. मूठ वळायची, पण समोरच्याची करंगळी तीतून निसटायची. म्हणूनच अलीकडे ते हात खिशात ठेवून बसत. सूनबाई कोणाला बोलल्या नाहीत. माझ्याखाली त्या दुसऱ्या हाताने आजोबांचं मनगट धरायच्या, बाळाला चमचा धरायला शिकवताना धरतात तसं. मग आकडा बरोबर यायचा. आजोबाही काही बोलले नाहीत. मला मात्र दोघांचंही कळत होतं.

त्या वर्षी पाहुणे आले. मला धुऊन गादीवर नेलं. आजोबांनी खिशातला हात काढला आणि सरळ माझ्याखाली घातला. मिरीचं पीक कमी होतं, हे त्यांना ठाऊक होतं. मागच्या वर्षी चार बोटांचा सौदा झाला होता, म्हणून या वर्षी त्यांनी पाचही बोटं धरली. मूठ वळली, हात थरथरला, पाहुण्यांची करंगळी निसटली.

पाहुण्यांना चारच बोटं लागली. त्यांचा चेहरा पडला. ते थोडं थांबले, कदाचित माणूस आकडा सुधारेल म्हणून. मग त्यांनी हात काढून घेतला.

आजोबा थक्क झाले. आपण होऊन एक बोट चढवलं आणि हा हात काढतो? पाहुण्यांना वाटलं, पीक गेलेलं माहीत असून हा मला गेल्या वर्षीचाच भाव देतो? दोघांनी चहा घेतला, बशीकडे बघत. गावाच्या गप्पा बंद. पाहुणे शेवटी एवढंच म्हणाले की पुढच्या वर्षापासून इतक्या लांब येणं काही जमेलसं वाटत नाही. आजोबा म्हणाले, जशी तुमची सोय.

पाहुणे सामान बांधायला मुक्कामाच्या खोलीत गेले. मुलगा वैतागला.

"बाबा, अहो आकडा सांगून टाका ना तोंडाने. मी विचारतो त्यांना."

"तू विचारशील आणि तो सांगेल, असा तो माणूस नाही," आजोबा म्हणाले. "आणि मीही नाही."

सूनबाई दाराआड बाळाला घेऊन उभ्या होत्या. त्यांना सगळं उमगलं. बोलावं तर म्हाताऱ्याचा हात गेला हे गल्लीभर होणार. गप्प बसावं तर तीन पिढ्यांचं येणं-जाणं आज संध्याकाळच्या विमानाने निघून जाणार. आणि त्यांचं माहेरही त्या वाटेवरचं. आई फोनवर दुखणं लपवायची, तिचा खरा हालहवाल दर वर्षी पाहुणेच घेऊन यायचे. पाहुण्यांचं येणं तुटलं की तेही तुटलं.

पाहुणे निरोप घ्यायला आले. आजोबा गादीवरून उठेनात. सूनबाई बाहेर आल्या, बाळासकट गादीच्या कडेला टेकल्या आणि मला पसरलं.

"काका, एकदा परत हात द्या," त्या म्हणाल्या. "मी काही बघत नाही, ऐकत नाही. बाबांचं फक्त मनगट धरते."

बायकांनी या गादीवर बसायची रीत नव्हती, आणि ते आत्ता कोणाच्या ध्यानातही आलं नाही. पाहुण्यांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी मान खाली घातली, पण हात पुढे केला.

माझ्याखाली तीन हात आले. सूनबाईंनी मनगट घट्ट धरलं. आजोबांची मूठ वळली. चार बोटं, आणि मग सावकाश, पाचवं.

पाहुण्यांनी लगेच मूठ दाबली नाही. त्यांनी आपली करंगळी तशीच आजोबांच्या मुठीत राहू दिली. त्यांना भाव कळला होता आणि भावापेक्षा जास्तही कळलं होतं. मग मूठ दाबली, आणि बराच वेळ सोडलीच नाही.

"किती दिवस झाले हाताला?" त्यांनी हळूच विचारलं.

"रुमालाखालचं तोंडावर आणू नये," आजोबा म्हणाले. दोघेही हसले, पण आजोबांचे डोळे भरले होते. हा आपला शेवटचा सौदा, हे त्यांना समजलं होतं.

पाहुणे गेल्यावर आजोबांनी माझी घडी केली आणि गल्ल्याशेजारच्या फळीवर न ठेवता सूनबाईंच्या मांडीवर ठेवली. मुलाला म्हणाले, मंडळाला तराजू द्या, माझा जुना चष्मा द्या, हवं तर मला द्या. हा नको.

त्याला वर्ष झालं. आजोबांना आता पेलाही धरवत नाही. बाळ चालायला लागलंय आणि माझा दुसरा कोपरा चावतंय. उद्या पाहुणे यायचे आहेत. त्यांनी फोनवर मुलाला सांगितलं, भाव फोनवर नको, आमच्या लेकीला गादीवर बसायला सांग. तेव्हापासून सूनबाईंची झोप उडाली आहे. बोटं चुकली तर, बाळ मध्येच रडलं तर, काकांना आईची तब्येत विचारायचीच राहिली तर. आजोबा रोज दुपारी त्यांच्याकडून तालीम करून घेतात. बोटं आता सूनबाई धरतात, आजोबा नुसते हो किंवा नाही म्हणतात.

आज सूनबाईंनी मला गरम पाण्यात धुतलं, वाळवलं आणि पाहुण्यांसमोर नीटनेटका दिसावा म्हणून खळ घालून इस्त्री करायला काढलं. इस्त्री तापते आहे. मला बोलता येत असतं तर एवढंच सांगितलं असतं, की सूनबाई, डाग असू देत, चावलेले कोपरे असू देत, पण मला खळ घालू नका. कडक झालो तर खालचं बोट हललेलं मला कळणार नाही.

आजोबा दारातून आत आलेत. त्यांनी इस्त्रीकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.