श्रीहरीभाऊंचे पाच सेकंद

सावली गावात माझं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान आहे. लग्नाच्या कॅसेटमध्ये प्रत्येक फोटो मी पाच सेकंद ठेवतो. कोणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. तरी मुलीच्या लग्नाची कॅसेट घेऊन बायनाबाई तणतणत आल्याच.

“रफीकभाऊ, आमच्या गेलेल्या मालकाचा, श्रीहरीभाऊचा फोटो दिसला की म्हातारी मंडळी हात जोडाले उठते. गुडघे धरून उभी होईस्तोवर तो फोटो जाते अन् जावई येते, गॉगल घालून! साऱ्यायनं त्यालेच हात जोडले. वीस सेकंद करा!”

मी वीस केले. कॅसेट न्यायला जावई प्रफुल आला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, “भाऊ, पाचच राहू द्या. सासरवाडीत माह्यासाठी आजवर कोणी उठलं नव्हतं.”