श्वासबाबाची काठी

सकाळी साडेसहालाच मैदानावर मुंगी शिरायला जागा उरली नव्हती. मधल्या ओट्यावर श्वासबाबा उभा होता. हातात पुरुषभर उंचीची काठी, तिला तीन आडव्या दांड्या आणि सगळीवर गुंडाळलेलं जाड कापड. डोक्यावर कान झाकणारी लोकरीची टोपी. ऊन असो, पाऊस असो, ती टोपी कधी उतरत नसे.

बाबाने डोळे मिटले आणि काठी उभी धरून तो जागच्या जागी हळूहळू फिरू लागला.

"श्वास... येतोय, तिचा श्वास येतोय. ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी दहा पावलं मागे व्हा. शंकेने श्वास अडतो!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. मागे मात्र कुणीच सरकलं नाही. आपल्या मनात शंका आहे हे चारचौघांत कोण कबूल करणार?

काठी थांबली. "ओढ्यापलीकडे! बिबटीण ओढ्यापलीकडे आहे. खालची वाट मोकळी! जा लेकरांनो, निर्धास्त जा!"

अर्ध्या तासात पाण्याच्या टाकीवरच्या रखवालदाराचा फोन आला. त्याने ओढ्यापलीकडे बिबटीण डोळ्यांनी पाहिली होती. मैदानावर एकच जल्लोष झाला.

गर्दीच्या कडेला प्रसिद्धीबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. सरकारच्या वन्यजीव खात्यात त्या जनसंपर्क प्रमुख होत्या. प्रसिद्धीबाई हे नाव त्यांना वार्ताहरांनी दिलेलं. मुलांना एकटं सोडू नका, अंगणात उजेड ठेवा, उकिरडा घराजवळ नको, हे सांगता सांगता त्यांची वीस वर्षं गेली होती. त्यांच्या पाट्या गंजल्या, पण लोक काही ऐकेनात. आणि या टोपीवाल्याचं अख्खी वस्ती ऐकत होती.

"बघितलंस?" शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईने, कोपराने ढोसलं. "तुमचं खातं पत्रकं वाटत बसतं, आणि हा माणूस नुसता कान देऊन सांगतो."

"ताई, अगं या भागात बिबटे पाच आहेत. हा एकीचंच सांगतो. बाकीच्या चौघांचं काय?"

"तुला ना, लहानपणापासून कुणाचं चांगलं बघवतच नाही." ताईने लेकीच्या पाठीवर दप्तर चढवलं. "चिमे, जा खालच्या वाटेने. वाट मोकळी आहे म्हणालेत बाबा."

आणि नऊ वर्षांची चिमी एकटीच झुडपांमधून शाळेला निघाली. बाई तिच्यामागोमाग शाळेच्या फाटकापर्यंत गेल्या. पण रोज कोण जाणार?

ऑफिसात संचालक साहेब खुशीत होते. "शुक्रवारी बाबांचा सत्कार करू. खात्याचा मित्र म्हणून! पत्रक तुम्ही काढा, सहीही तुमचीच."

"साहेब, त्याला हे कळतं कसं ते आधी बघू या की."

"बाई, तुमचं काम प्रसिद्धीचं आहे, पोलिसाचं नाही."

बाईंच्या डोक्यात किडा वळवळू लागला. पाचांपैकी एकाच मादीच्या गळ्यात खात्याचा रेडिओचा पट्टा होता. ती कुठे आहे ते रोज सकाळी एका कागदावरून तिघांनाच कळे: जनावरांच्या डॉक्टरांना, माग काढणाऱ्या काकांना आणि खुद्द बाईंना. म्हणजे फितूर घरातलाच! त्या दोघांकडे तिरक्या नजरेने बघू लागल्या. सकाळचा कागद त्यांनी बंद केला.

"माझ्यावर संशय घेता?" डॉक्टर चिडले.

"माझ्यावरसुद्धा घेतेय. रागावू नका."

कागद बंद झाला तरी बाबा बरोबरच सांगत राहिला.

मग त्याने नवीनच टूम काढली. "बिबटीण जुन्या खाणीत ध्यानाला बसली आहे!" तीन दिवस तो हेच सांगत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ताईचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं.

"कुत्रा नेला गं... अंगणातून! चिमी दारात बुटाची नाडी बांधत होती. हाताच्या अंतरावर होती गं पोर! बाबा तर म्हणाले होते, वाट मोकळी आहे..."

काका धावले. ताईच्या कुंपणापाशी खात्याचा कॅमेरा होता, त्यात जनावर आलं होतं. कान फाटलेला, म्हणजे तीच मादी. पण गळा मोकळा! काका तसेच खाणीत गेले, तर पट्टा झुडपात पडलेला. मुदत संपली की हे पट्टे आपोआप गळतात. आतला रेडिओ मात्र अजून चालूच होता.

"तीन दिवस आमचं यंत्र खाणच दाखवतंय," ऑफिसात बाईंसमोर बसलेले डॉक्टर ओशाळून म्हणाले. "मला वाटलं, शिकार खात बसली असेल. फसलो मी."

"आणि बाबाही तीन दिवस खाणच सांगतोय," बाई सावकाश म्हणाल्या. "शेजारी बसलेल्या दोन मुलींचं उत्तर बरोबर आलं तर गुरुजी काही म्हणत नाहीत. पण दोघींची चूक सारखीच आली, की कॉपी पकडली जाते. डॉक्टर, हा बिबटिणीचं काही ऐकत नाही. आपला पट्टा ऐकतो!"

"पण ते कसं? पट्ट्याचा नंबर लावल्याशिवाय काही ऐकू येत नाही. रेडिओच्या स्टेशनासारखंच असतं ते. नंबर त्याला दिला कुणी?"

बाईंनी काकांकडे पाहिलं. काका मात्र बाईंच्या मागच्या भिंतीकडे बघत होते.

तिथे फ्रेम होती. सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आलेला, बाईंचा लाडका फोटो. साहेब आणि डॉक्टर हसताहेत, आणि त्यांच्या मागच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेला पट्ट्याचा नंबर. 'फळ्यासमोर उभे राहा, काम केल्यासारखं दिसतं,' असं त्या दिवशी बाईच म्हणाल्या होत्या.

बाईंनी फ्रेम खिळ्यावरून उतरवली. इतके दिवस घरभेदी शोधत होत्या, तो त्यांच्याच खुर्चीमागे टांगलेला होता.

शुक्रवारी सभागृह भरलं. वार्ताहर आले, साहेब आले. ताई आणि चिमीला बाईंनी मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं होतं.

"बाबा, सत्काराआधी एकदा श्वास ऐकवा की," बाई गोड आवाजात म्हणाल्या.

बाबा फिरू लागला. काठी एका भिंतीसमोर थबकली. बाबाला दरदरून घाम फुटला. "जवळ... फार जवळ! या भिंतीपलीकडेच आहे! पळा!"

खुर्च्या कर्रकन सरकल्या. एक वार्ताहर तर टेबलावरच चढला.

"बसा, बसा," बाई म्हणाल्या. "पलीकडे चहाची खोली आहे. काका, आणा तिला."

काका चहाचा ट्रे घेऊन आले. कपांच्या मधोमध कातडी पट्टा होता. सभागृहात हशा पिकला. चिमी मात्र हसली नाही. ती उठून उभी राहिली. "मावशी, त्याच्या टोपीतून वायर येतेय!"

डॉक्टरांनी काठीवरचं कापड ओढलं. आत ॲल्युमिनियमच्या दांड्या होत्या, घराघराच्या छपरावर असायची तशी अँटेना. वायर टोपीखालच्या कानापासून कमरेच्या रेडिओपर्यंत. काठी पट्ट्याच्या दिशेला आली की टिकटिक वाढते, आणि पट्टा जवळ असला तर आणखी मोठी होते. बाबाचं ध्यान म्हणजे एवढंच.

"रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं माझं," बाबा पुटपुटला. "लोकांना धीरच दिला ना मी?"

"धीर?" ताई ताडकन उठली. "तुझ्या धीरापायी माझी पोर दारात उभी होती, मेल्या!"

साहेब बाईंच्या कानाशी लागले. "फोटोचं तेवढं काढू नका हं. खात्याची अब्रू जाईल."

बाईंनी पत्रक उघडलं. खाली त्यांची सही होती.

"पहिली चूक माझी," त्यांनी वाचलं आणि फ्रेम उंच धरली. "हा नंबर मी छापून दिला. बाबाने तो वापरला आणि तुम्ही विचारायचं सोडून दिलंत. 'बाबा, तुम्हाला कसं कळलं?' एवढाच प्रश्न होता. तो पहिल्याच दिवशी कुणी विचारला असता तर कुत्रा वाचला असता. उद्या कदाचित मूल गेलं असतं. बिबट्या कुठे आहे हे आम्हालाही सगळं कळत नाही, आणि जे कळत नाही ते कळत नाही असंच आम्ही सांगू. विचारा. मला विचारा, साहेबांना विचारा, टोपीवाल्यांना तर विचाराच. विचारल्याने ज्याचा श्वास अडतो, त्याची टोपी काढून बघा."

"हे सगळं छापायचं?" टेबलावरून उतरत वार्ताहराने विचारलं.

"आधी माझी चूक छापा. मग बाकीचं."

दुसऱ्या दिवशी ताई हातात काठी घेऊन चिमीला शाळेत पोचवायला निघाली. साधी, लाकडाची काठी. बाईही बरोबर होत्या. झुडपं सुरू झाली तशी चिमीने विचारलं, "मावशी, आज वाट मोकळी आहे?"

"माहीत नाही गं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर हात धर, आणि मोठ्याने बोलत चल."