हातांना मनाई

बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या सीटवर बसून वरदाने लेकीची, आर्याची, हनुवटी आपल्याकडे वळवली आणि ते वाक्य सातव्यांदा म्हणून दाखवलं.

"वेलकम, मिसेस ऑर्मसन."

"वेकम, मिहेह ऑमन," आर्या म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

'स' तिला ऐकूच यायचा नाही. कानांतली गुलाबी यंत्रं बाकीचे बरेच आवाज आणून द्यायची, 'स' मात्र वाटेत कुठेतरी सांडायचा. खाली फुटपाथवर एक कुत्रा दिसला तसे आर्याचे हात वर आले, दोन बोटं खाली रोखून पुढचे पाय करायला लागले. वरदाने ते हळूच खाली दाबले आणि मागे वळून पाहिलं. बसमध्ये सेंटरचं कुणी नव्हतं. तरी पाहिलं.

सेंटर वेल्समधल्या कार्डिफ शहराच्या टोकाला, एका जुन्या चॅपलमध्ये होतं. कमी ऐकू येणाऱ्या मुलांना तिथे बोलायला शिकवायचे, तेही फुकट. पैसा अमेरिकेतून यायचा, ऑर्मसन नावाच्या एका पोलाद कारखानदाराने साठ वर्षांपूर्वी मृत्युपत्रात ठेवलेला. मृत्युपत्रात अट होती: मुलांनी तोंडाने बोलावं, हातांच्या खुणा करू नयेत. वर्गात नाही आणि घरीही नाही. त्या कागदावर वरदाने सही केली होती. मुख्य बाई, मिसेस प्रिचर्ड, यांनी आर्याला दोनदा खुणा करताना पकडलं होतं. सप्टेंबरपासून तिची जागा राहणार की जाणार ते आज ठरणार होतं आणि आज खुद्द ऑर्मसनांची नात सेंटर बघायला येणार होती.

"अगं, फुकट शिकवतायत, तर नियम त्यांचेच असणार," तिचा नवरा पुष्कर सकाळी म्हणाला होता. तो हॉस्पिटलमध्ये रजिस्ट्रार डॉक्टर होता. एका हाताने टोस्ट खात, दुसऱ्याने टाय बांधत होता. "तू फक्त तिकडे कामगारांच्या संपावर भाषण देऊ नकोस. तुझ्या एम.ए.चे मार्क वाढवायला येत नाहीये ती बाई."

"मी काही बोलणार नाहीये."

"त्याचीच तर भीती वाटते. न बोलता बघत बसतेस ना, ते जास्त वाईट."

पुण्याला एम.ए. करताना वरदाने अमेरिकेतल्या अशाच कारखानदारांवर निबंध लिहिला होता. भट्टीसमोर बारा-बारा तास राबवून घ्यायचं, संप मोडायचा आणि मग त्याच गावात वाचनालय बांधायचं, इस्पितळ बांधायचं, शाळा काढायची. पुढे त्या शाळेत काय शिकवायचं तेही हेच ठरवणार. ऑर्मसन त्या निबंधात नव्हते, पण माहितीपत्रकावरचा त्यांचा दाढीवाला फोटो पाहिल्यावर तिला ते ओळखीचेच वाटले होते.

आणि तरीही तिला ती जागा हवी होती. इथल्या एका वर्षात आर्या अकरा शब्द बोलायला शिकली होती. त्यातला एक 'आई' होता. चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी एक बहिरी मुलगी लहान मुलांना खुणा शिकवायची. तिथे आर्याने चार शनिवारांत चाळीस उचलल्या होत्या. पण त्या चाळीस घेऊन नागपूरच्या आजीशी फोनवर बोलता येणार नव्हतं.

मिसेस ऑर्मसन उंच होत्या, सत्तरीच्या पुढच्या. पांढरे केस कानांवरून खाली आलेले, अंगात साधा करडा कोट. पाहुण्यांच्या खोलीत त्या आल्या तेव्हा वरदाने आर्याच्या पाठीला बोट लावलं. आर्याने वाक्य म्हटलंच नाही. तिने दोन्ही हात जोडून नमस्कार केला, घरी आलेल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला करायची तसा, डोकं पार खाली घालून.

मिसेस प्रिचर्ड यांची नजर त्या जोडलेल्या हातांवर गेली.

"ही खूण नाहीये," वरदा घाईने म्हणाली. "आमच्याकडे मोठ्यांना असंच हॅलो करतात."

"अर्थात," मिसेस प्रिचर्ड म्हणाल्या. त्यांचं पेन मात्र वहीवर तसंच राहिलं.

"तुम्ही... किती... वर्षं... इथे आहात?" मिसेस ऑर्मसननी वरदाला विचारलं.

एकेक शब्द सुटा, सपाट. वरदाच्या कानाची पाळी तापली. हा सूर ती ओळखून होती. पोस्टाच्या खिडकीवर, शाळेच्या ऑफिसात, जीपीच्या दवाखान्यात रिसेप्शनवर, सगळीकडे तिचा रंग बघून लोक असे हळू बोलायचे, जणू तिला इंग्रजी कालच कुणी दाखवलं. वर ही बाई तिच्या डोळ्यांत न बघता तोंडाकडे बघत होती. लिपस्टिक दाताला लागलीय की काय? वरदाने मुद्दाम झरझर, पुस्तकी इंग्रजीत उत्तर दिलं. बाईंच्या कपाळाला आठी पडली. वरदाला जरा बरं वाटलं.

तेवढ्यात फोटोग्राफर आला म्हणून मिसेस प्रिचर्ड बाकीच्या मुलांना रांगेत उभं करायला बाहेर गेल्या. खोलीत तिघीच उरल्या. मिसेस ऑर्मसन दाराकडे पाठ करून बसल्या. टेबलावर चहा आणि बिस्किटांची बशी होती.

"तिला इथे आवडतं का?"

आर्याचा हात बशीच्या दिशेने काहीतरी सांगायला निघाला होता. वरदाने तो टेबलाखाली धरला आणि मान खाली घालूनच म्हणाली, "हो, खूप आवडतं. आम्ही आभारी आहोत."

मिसेस ऑर्मसननी मान तिरकी करून तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"माफ करा," त्या म्हणाल्या. "तुम्ही खाली बघून बोललात. मला तुमचे ओठ दिसले नाहीत."

वरदाने वर पाहिलं. बाईंनी केस मागे सारले. कानात तसलंच यंत्र होतं, फक्त गुलाबी नव्हतं.

आपण वर्षभर आपल्याच मुलीच्या ओठांकडे टक लावून बसलो आणि आपल्याला हे दिसू नये! वरदाला खुर्चीत नीट बसता येईना.

"तीन वर्षांची असताना ताप आला मला," मिसेस ऑर्मसन म्हणाल्या. "आजोबांनी बॉस्टनहून शिक्षिका आणली, सगळ्यात चांगली. रोज संध्याकाळी स्वतः समोर बसायचे. मी त्यांच्या गळ्यावर हात ठेवायचा आणि आवाज कसा हलतो ते बघायचं. मी हातवारे करायला लागले की हातमोजे चढवायचे. लोकरीचे. जूनमध्येसुद्धा." त्या हसल्या. "माझ्यावर फार जीव होता त्यांचा. मी बोलायला लागले, तेव्हा त्यांना वाटलं, सगळ्याच मुलांना हे मिळायला हवं. आणि त्या गावात त्यांना 'नाही' म्हणणारं कुणी नव्हतं. पुढे गावाबाहेरही नव्हतं."

"मग ती अट..."

"तीन वेळा वकिलांना विचारलं. मृत्युपत्र बदलता येत नाही." त्यांची नजर टेबलाखाली गेली, वरदाच्या कोपरापासून खाली. "ती काय म्हणत होती?"

वरदाने हात सोडला. आर्याने आधी आईकडे पाहिलं, मग पाहुणीकडे, मग एका दमात सांगून टाकलं. बोटं भराभर कोपरावर, बशीकडे, पाहुणीकडे, पुन्हा बशीकडे.

मिसेस ऑर्मसन पुढे वाकून बघत होत्या. चेहऱ्यावर तीच मघाची आठी होती.

"मला नाही कळत," त्या म्हणाल्या. "मला कधी शिकूच दिलं नाही."

"ती विचारतेय," वरदा म्हणाली, या वेळी तोंड समोर ठेवून, सावकाश, "ते चॉकलेटचं बिस्किट तुम्ही खाणार आहात की नाही?"

म्हातारी मोठ्याने हसली. वेडावाकडा, न सांभाळलेला आवाज होता तो. मग तिने विचारलं, "बिस्किट कसं म्हणायचं?"

आर्याने वाकडी बोटं कोपरावर टेकवून दाखवली. बाईंना जमेना, सांधे सुजलेले होते. आर्या खुर्चीवरून उतरली आणि तिने त्यांची बोटं एकेक करून वाकवली.

दार उघडलं. मिसेस प्रिचर्ड उंबऱ्यात उभ्या होत्या, हातात वही. मिसेस ऑर्मसनांची पाठ होती. त्यांना दार ऐकू आलं नाही. आर्यालाही नाही. दोघींची डोकी बोटांवर झुकलेली होती.

मिसेस प्रिचर्ड यांनी वरदाकडे पाहिलं. मुलीला मागे ओढायला अजून वेळ होता. हातभराचंच तर अंतर.

"फोटोसाठी सगळे थांबलेत," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

"हो," वरदा म्हणाली. तिने हात मांडीवरच ठेवले. "आम्हाला अजून थोडा वेळ लागेल."