झऱ्यावरच्या दोन ओळी

पॅरिसमधल्या सभागृहात टाळ्या थांबत नव्हत्या.

इकडे गावात चटईवर अंजिरं वाळत होती. त्यांवर माश्या.

तिकडे मेझियानच्या गळ्यात उसना घेतलेला निळा टाय.

अल्जेरियातल्या आमच्या काबिली डोंगरात बायका झऱ्यावर असल्या की पुरुष ती वाट टाळतात. तिथे गायलेलं गाणं कुणाबद्दल आहे, हे बायकाही एकमेकींना विचारत नाहीत.

मेझियान आमच्याच गावचा, फ्रेंचमध्ये लिहिणारा. ज्या कादंबरीला पॅरिसमध्ये बक्षीस मिळालं, तिच्यातली बाई नवऱ्याचा संसार करते आणि झऱ्यावर दुसऱ्याच माणसाचं गाणं गाते. तिच्या हनुवटीवर गोंदण आहे, डावा पाय ती ओढत चालते. नाव त्यानं बदललं होतं. पाय तसाच ठेवला. गावात तसा पाय एकटीचाच, त्याच्या थोरल्या बहिणीचा, घनीमाचा.

फ्रेंचमध्ये लिहिलं म्हणजे डोंगराच्या पलीकडे लिहिलं, असं त्याला वाटत आलं होतं. पण घनीमाची लेक जौहरा शाळेत फ्रेंच शिकवते. तिनं वाचलं, तिच्या मैत्रिणींनी वाचलं. आता घनीमा झऱ्यावर आली की गाणी बंद होतात.

"गप गं," एकीनं घनीमाच्या देखत दुसरीला म्हटलं. "हिचा भाऊ छापून आणेल."

मेझियान अंजिरांच्या दिवसांत गावी आला. घनीमा मागावर विणत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"आलास? बस. वाचून दाखव. आपल्या भाषेत. मग ठरवते, तुझ्याशी बोलायचं की नाही."

"ताई, ती गोष्ट आहे. खरं थोडंच..."

"गोष्टीला माझाच पाय हवा होता का?"

शेजारी बसलेली जौहरा हसली आणि लगेच गंभीर झाली.

तो वाचू लागला. फ्रेंच ओळीवरून बोट फिरवत, काबिलीत सांगत. पहाट, घागरी, बायकांची थट्टा. मग त्यानं पान उलटलं.

"मामा," जौहरा म्हणाली, "दोन ओळी राहिल्या."

त्याचे कान लाल झाले. आमच्याकडे रेडिओवर प्रेमाचं गाणं लागलं आणि घरात बहीण असली, तर भाऊ काहीतरी काम काढून अंगणात जातो. वडीलही जातात. कुणी कुणाला जा म्हणत नाही.

"ते मला म्हणता येणार नाही, ताई."

"त्यांच्या भाषेत कसं आलं मग?"

घनीमानं हातातला धागा दाबून बसवला आणि मागाकडेच पाहत, बारीक आवाजात, स्वतःच म्हटलं:

पाथरवटा, झऱ्यावर कमान बांधून गेलास,
भरलेली घागर आता मला जड होत नाही.

पुस्तक मेझियानच्या हातात उघडंच राहिलं. तो उठला. विचार न करता, रेडिओ लागल्यावर उठावं तसा. उंबऱ्याशी पोचला, बूट शोधू लागला.

"पॅरिसमध्ये टाळ्या वाजत होत्या," मागून घनीमा म्हणाली, "तेव्हा उठून गेला होतास का रे?"

एक बूट पायात, एक हातात. तो आत आला नाही आणि बाहेरही गेला नाही. जौहरा खाली बघत होती. घनीमा विणत राहिली. त्या दिवशी ती त्याच्याशी पुढे काही बोलली नाही.

घनीमा लग्न होऊन या घरात आली तेव्हा आई नसलेला मेझियान तिच्या कडेवर होता. झऱ्यावर जातानाही तो तिथेच असायचा.