उजव्या पंखातलं भोक

कार्तिकाचं कोवळं केशरी ऊन कोकणातल्या उघड्या पठारावर, सड्यावर, उतरतं. काळ्याभोर कातळावरचं गवत पिवळं पडतं, दव वाळतं, आणि हरित-सुवर्ण भुंगेऱ्यांचा शेवटचा गुंजारव वाऱ्यावर विरत जातो. असल्याच एका सकाळी आत्माराम परुळेकर या शाळामास्तरानं एक भुंगेरा पकडला होता. तसला दुसरा त्याला जन्मात सापडला नाही.

रीतीप्रमाणे त्यानं तो टाचला: उजव्या पंखातून, नेहमी उजव्याच. टाचणीवरच्या इवल्याशा चिठ्ठीत गाव, तिथी आणि आपलं नाव. तीस वर्षं त्या भुंगेऱ्याची पेटी त्यानं लेकीसारखी जपली. खरी लेक कुमुद, वडिलांना दाजी म्हणणारी, त्यावरून त्याला चिडवायची.

दाजी गेले. कुमुद ज्याच्या स्टुडिओत कामाला होती, तो नामवंत छायाचित्रकार शार्दूल नगरकर प्रदर्शनातल्या फोटोसाठी तो भुंगेरा मागायला घरी आला. "चित्राखाली दाजींचंच नाव घालू, कुमुदताई," म्हणाला. तिनं पेटी दिली.

नऊशे फोटो. केसभर अंतरानं कॅमेरा पुढं सरकवत टिपलेले नऊशे. प्रत्येकात एक पातळ पापुद्रा तेवढा स्पष्ट. ते एकावर एक रचून अखंड भुंगेरा घडवायचा, हे कुमुदचं काम. आणि घडता घडता काय काय उगवत गेलं! पाचूची पठारं, ताम्रवर्ण दऱ्या, सुवर्णरेणूंच्या वाटा. आणि पायाच्या काट्यांत अडकलेला सड्याच्या तांबड्या मातीचा एक कण. दाजींच्या त्या सकाळचा कण. कुमुदला रडू आलं.

फोटो काढून झाल्यावर शार्दूलनं भुंगेरा कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. "पाय मोडला त्याचा. मेलेलाच होता ना?" चित्राखालच्या पुठ्ठ्याच्या पाटीवर मजकूर घातला: 'सड्यावर जिवंत टिपलेला. छायाचित्र: शार्दूल नगरकर.' दाजी कुठंच नाहीत. "आणि कुमुद, ते टाचणीचं भोक बुजव." नावापुढची 'ताई' केव्हाच गळून पडली होती.

रडू तिथल्या तिथं आटलं. गोड बोलून त्यानं केसानं गळा कापला होता. त्या क्षणी कुमुदनं त्याचा मनापासून द्वेष केला, आणि तिला बरं वाटलं.

चित्रातलं भोक बुजवणं तिच्या डाव्या हातचा मळ. तिनं ते बुजवलं नाही. उलट त्याची कड अधिक रेखीव केली, त्याचा काळोख अधिक काळा केला. शार्दूलनं चित्र पाहिलं ते मोबाइलवर, अंगठ्याएवढं. "झकास!" म्हणाला.

प्रदर्शन उघडलं. भिंतभर भुंगेरा, आणि उजव्या पंखात ताटलीएवढं, वाटोळं, काळंभोर भोक. कीटकशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका चष्मा सारखा करत पुढं आल्या.

"काय हो नगरकर, जिवंत भुंगेऱ्याला टाचणी कुणी मारली?"

शार्दूल आपलं चित्र पहिल्यांदाच जवळून पाहत होता. त्याचा चेहरा उतरत गेला, आणि कुमुदनं तो सावकाश, डोळे भरून पाहिला.

मग तिनं रुमालाची गाठ सोडली. आत फोटोआधी भुंगेऱ्यातून काढलेली, तिनं जपलेली टाचणी. टाचणीवर ती चिठ्ठी. दाजींनी शिकवलं होतं तशी, उजव्या बाजूनं, पाटीवरच्या शार्दूलच्या नावातून तिनं ती आरपार रोवली.

खिडकीतून कार्तिकाचं ऊन आत आलं. पाचू पेटला, तांबं पेटलं, टाचणी लखलखली. आणि टाचणीवरच्या चिठ्ठीत, मोहरीएवढ्या अक्षरांत, आत्माराम परुळेकर.