विषाची बरणी

माझ्या थोरल्या मुलीला जुळी मुलं झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. शाळेमागच्या हॉलमध्ये दर रविवारी पाय ठेवायला जागा नसायची. सगळे फिट येणारे आणि त्यांची माणसं. समोर टेबलावर काचेची मोठी बरणी, आणि तिच्यामागे पांढऱ्या कोटातला व्हिटॅमिनवाला.

"मेंदू उपाशी आहे म्हणून फिट येते!" तो गरजायचा. "आणि उपाशी माणसाला डॉक्टर काय देतात? गुंगीची गोळी! टाका ते विष इथं!"

लोक रांगेनं यायचे, दवाखान्यात फुकट मिळालेल्या गोळ्या बरणीत ओतायचे. टाळ्या पडायच्या. बदल्यात व्हिटॅमिनच्या पुड्या मिळायच्या. आणि खरंच, फिट थांबायच्या.

माझी धाकटी बहीण माझ्याबरोबरच लाँड्रीत कामाला होती. वाफेच्या इस्त्रीवर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण एकदा इस्त्रीपाशीच फिट आली आणि मॅनेजरनं तिला घड्या घालायला बसवलं. ते तिला फार लागलं. गोळ्यांनी सुस्ती येते म्हणून ती त्या चुकवायची. पुडी मात्र एकही चुकवली नाही.

"ताई, एकदाही फिट नाही बघ," ती म्हणाली. मॅनेजरनंही इस्त्री परत दिली.

माझ्या डोक्यातून मात्र ती बरणी जाईना. सभा संपली की तो ती मूल कडेवर घ्यावं तशी घेऊन जायचा.

"विष आहे ना, मग गटारात का ओतत नाही?" मी भर सभेत विचारलं.

"मावशी, गटारातल्या उंदरांनी तुमचं काय वाकडं केलंय?" तो म्हणाला. लोक खो खो हसले. "तुमच्या शंकेवरही पुडी आहे आमच्याकडे!"

मी बहिणीची एक पुडी गुपचूप दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना नेऊन दिली. त्यांनी ती तपासायला पाठवली.

"व्हिटॅमिन नावापुरतं आहे," उत्तर आल्यावर त्या म्हणाल्या. "बाकी आमचीच गोळी, कुटलेली."

"म्हणजे बरणीतली?"

"तुम्हीच तर भरून देता. बहीण आमची गोळी चुकवायची, त्याची पुडी भक्तीनं घेते, म्हणून बरी आहे." मग त्यांचा आवाज उतरला. "पण आता इथं गोळ्या न्यायला कोणी येतच नाही. मग उद्या तो पुडीत काय घालणार?"

मी थेट बहिणीकडे गेले, डॉक्टरीणबाईंचं बोलणं तिच्या कानावर घातलं. "आजपासून गोळी घे, बाई."

"त्यांचा दवाखाना ओस पडलाय, म्हणून बोलतात त्या," ती म्हणाली. "आणि तुला गं माझं चांगलं का बघवत नाही?"

पुढच्या रविवारी डॉक्टरीणबाईंनी हॉलमध्ये सगळ्यांसमोर तपासणीचा निकाल सांगितला. व्हिटॅमिनवाला मागच्या दारानं पसार झाला. बरेच जण माना खाली घालून दवाखान्यात परतले. माझी बहीण नाही गेली. घरात उरलेल्या पुड्यांवर तिचा विश्वास होता, आणि त्या शेवटच्या पुड्यांत नुसतं व्हिटॅमिन होतं.

मोजक्या रुग्णांना एखादं व्हिटॅमिन खरंच लागतं. ते तपासून डॉक्टर देतात, आणि चालू गोळी आपल्या मनानं कधी सोडायची नसते. कोणी सोडायला सांगितली, तर भर सभेत उभं राहून कारण विचारा. लोक हसले तर हसू द्या.

माझी धाकटी बहीण त्याच वर्षी, नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी, फिट न थांबल्यामुळे वारली.